एकवीस वळणे आणि दीड लिटर पाणी

प्रवासाला निघताना पाणी बरोबर घ्यायचे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. आगगाडीच्या प्रवासात फिरकीचा तांब्या असे, मोटारीच्या पुढच्या बाजूला लटकवलेली किंतानाची छागल असे, लग्नाच्या वऱ्हाडामागून पखालही जात असे. छागलीतले पाणी झिरपून कापड ओले राही, वाऱ्याने ते वाळताना आतले पाणी गार होई. या सर्व भांड्यांना एक सोय होती, ती म्हणजे त्यांना वाहून नेणारे दुसरे कोणीतरी असे. सायकलवर ते काम आपल्या मांड्यांना करावे लागते. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर ओझे, आणि ते चढावर न्यायचे!

2024 च्या सप्टेंबरात मी आणि माझा भाचा मनालीहून लेहला सायकलने गेलो. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मोटारींची गर्दी बोगद्यात गेली आणि 3,978 मीटर उंचीचा रोहतांग पुष्कळ शांत झाला; आम्ही अर्थातच वरून गेलो. पुढे तांडीला चंद्रा आणि भागा यांचा संगम, मग केलाँग, दारचा, बारालाचा आणि सरचू. या देखाव्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी मात्र पाण्याविषयीच लिहिणार आहे, कारण या वाटेवर दहा दिवस माझ्या डोक्यात दुसरा विचारच नव्हता.

डोंगरी सायकलवर पाणी ठेवायला जागा कुठे आहे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. साध्या सायकलच्या मधल्या त्रिकोणात तारेचा पिंजरा बसतो आणि त्यात पाऊण लिटरची बाटली राहते. पण भाच्याची सायकल नव्या तऱ्हेची, पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी. मागचा शोषक नेमका त्या त्रिकोणातच ऐसपैस बसलेला, त्यामुळे बाटलीला थारा नाही. दांडीच्या खालच्या बाजूला पिंजरा लावता येतो. परंतु पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल बाटलीच्या तोंडावर येतो. बारालाच्याच्या अलीकडे रस्त्यावरून गद्दी लोकांचे मेंढरांचे कळप जातात, तेव्हा तो चिखल नुसत्या मातीचा नसतो, एवढेच सांगतो.

म्हणून भाच्याने पाठीवरची पिशवी घेतली होती. या पिशवीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. 1989 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स येथे ऐन उन्हाळ्यात शंभर मैलांची सायकल फेरी होती. मायकेल आयडसन नावाच्या गृहस्थाला रुग्णवाहिकेवरच्या कामामुळे सलाइनच्या पिशव्यांची ओळख. त्याने तसली एक पिशवी पाण्याने भरली, लांब पायमोज्यात घातली, सदऱ्याच्या पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून पुढे आणून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बंद केली. त्यातूनच पुढे ‘कॅमलबॅक’ नावाचा धंदा उभा राहिला. दोन्ही हात मुठीवर ठेवून पाणी पिता येते, हा या पिशवीचा मोठा गुण. खडबडीत उतारावर एक हात सोडून बाटली काढणे म्हणजे दात पाडून घेण्याची तयारीच!

माझी पद्धत जुनाट. पुढच्या चिमट्याच्या दोन्ही पायांना, सायकलवाल्याकडून जुबिली क्लिपा आवळून, एकेक पिंजरा लावून घेतला होता. खाली जुन्या ट्यूबची पट्टी, म्हणजे क्लिप सरकत नाही. आणि बाटलीभोवतीही ट्यूबचेच कडे, म्हणजे खड्ड्यात ती उडून जात नाही. दोन्हीकडे वजन सारखे हवे, नाहीतर हँडल एका बाजूला ओढते. भाचा हसला होता. “मामा, दूधवाल्यासारखी दिसते तुमची सायकल!” दूधवाल्याची माझ्या मते चेष्टा होऊ नये, समतोल राखून द्रव पदार्थ नेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

सरचूहून पांगचा टप्पा पाऊणशे किलोमीटरांचा. हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि दिसण्यापूर्वीच उडून जातो, श्वासाबरोबरही पाणी निघून जाते. दिवसाला तीन-चार लिटर पोटात जावे असे जाणकार सांगतात. सपाटीचा भाग संपतो आणि गाटा लूप्स लागतात. एकवीस वळणे, साडेचारशे मीटरांच्या आसपास चढ, आणि सावलीला एक झुडूप नाही. पायथ्याच्या ओढ्याचे पाणी त्या दिवशी इतके गढूळ होते की आम्ही ते भरले नाही. माझ्या चिमट्यावर दोन भरल्या बाटल्या होत्या, म्हणजे दीड लिटर. भाचा म्हणाला, “माझी पिशवी अजून अर्धी असेल.”

पाठीवरच्या पिशवीचा दोष तो हाच. ती दिसत नाही. आठव्या वळणावर नळीतून गुळण्या केल्यासारखा आवाज आला.

“मामा, संपलं.”

त्याचे डोके सकाळपासून दुखत होते. उंचीवर डोके दुखणे आणि पाणी संपणे ही जोडी चांगली नव्हे. परत उतरावे तर खाली गढूळ ओढा. वर जावे तर नकी ला ओलांडून व्हिस्की नाल्यापर्यंत पाणी नाही. माझी एक बाटली भरलेली होती, दुसरी निम्मी. आम्ही ठरवले, दर वळणाला दोघांनी दोन-दोन घोट. डोके वाढले तर येईल त्या ट्रकला हात करायचा आणि खाली जायचे.

या वळणांतच एके ठिकाणी एक लहानसे देऊळवजा स्थान आहे. कित्येक वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या तोंडाशी इथे एक ट्रक बंद पडला, चालक मदत आणायला गेला, आजारी क्लीनर मागे राहिला आणि बर्फाने वाट बंद झाली, असे सांगतात. तहानेने तो गेला, आणि अजून येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ पाणी मागतो म्हणे. म्हणून लोक तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात. शेकडो बाटल्यांचा ढीग पडला होता, पुष्कळशा न उघडलेल्या. रिकाम्या पिशवीचा माझा भाचा त्या ढिगासमोर उभा राहून बघत होता. कोणत्या हंगामापासून त्या उन्हात तापत होत्या कोण जाणे! प्लॅस्टिक पिवळे पडलेले. मी मान हलवली. त्याने काही न बोलता माझी बाटली घेतली, टोपणभर पाणी ओतले आणि तिथल्या दगडावर सोडले. मला ते टोपणभर पाणी फार जड गेले, खोटे कशाला सांगू?

नकी लावर पोचलो तेव्हा एका बाटलीच्या तळाशी चार बोटे पाणी होते. भाच्याचे डोके वाढले नव्हते. उतरून व्हिस्की नाल्याशी आलो. पाणी वाहते, स्वच्छ, बर्फासारखे. बाटल्या भरल्या, क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या. आणि आता अर्धा तास थांबायचे. थंड पाण्यात गोळी सावकाश काम करते, घाई करून चालत नाही. तहानलेल्या माणसाने खळखळत्या ओढ्याकाठी घड्याळ बघत बसायचे, यासारखी शिक्षा नाही. भाचा दर दोन मिनिटांनी विचारी, “झाला का हो?”

लाचुंग ला पाच हजार मीटरांच्या वर आहे. तो आम्ही बहुतेक सायकली ढकलूनच पार केला. अंधार पडता पडता पांगच्या तंबूत शिरलो. तिथल्या लडाखी बाईंनी चूल पेटवली. इतक्या उंचीवर पाणी पंचाऐंशी अंशांच्या आतबाहेरच उकळते, डाळ शिजता शिजत नाही. पण तीन मिनिटे उकळू दिले की जंतू मरायला तेवढे पुरते. रात्री बाहेर राहिलेली नळी गोठते, म्हणून भाच्याने फुंकर मारून तिच्यातले पाणी पिशवीत परतवले. बाईंनी माझ्या दोन्ही बाटल्यांत उकळते पाणी भरून दिले आणि खुणेनेच सांगितले, पांघरुणात घ्या. एक बाटली मोज्यात घालून मी पायांशी ठेवली, दुसरी भाच्याने पोटाशी धरली. सकाळी तंबूबाहेरच्या बादलीवर बर्फाची साय आली होती. आमचे पाणी अजून कोमट होते. निम्म्याचा चहा केला, उरलेल्याने दात घासले आणि बाटल्या पुन्हा भरायला घेतल्या.