वाळलेला शेंडा

चित्रांतील झाड हें केवळ झाड नसतें, असें कलेतिहासाचे पंडित सांगतात. त्यांच्या मताचा प्रत्यय आम्हांस एका जर्मन चित्राच्या छापील प्रतीवरून आला खरा, परंतु थोड्या निराळ्या वाटेनें.

कास्पार डाव्हिड फ्रीडरिख (१७७४–१८४०) याचें 'एकाकी वृक्ष' हें चित्र १८२२ सालचें. बर्लिनच्या वागेनर नांवाच्या पेढीवाल्यानें तें काढवून घेतलें. पुढें त्याचाच संग्रह तेथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाचा पाया ठरला, व चित्र आजहि तेथेंच आहे. विस्तीर्ण हिरवें माळरान, मागें निळसर डोंगरांच्या रांगा, आणि ऐन मध्यभागीं एक जुना ओक. त्याचा शेंडा वाळून काठी झालेला. खालच्या फांद्यांना मात्र पालवी. बुंध्याला टेकून एक मेंढपाळ उभा आहे, पण तो इतका लहान कीं प्रथम नजरेसच पडत नाहीं. हाच चित्रकार १८१० च्या सुमाराच्या एका चित्रांत भग्न मठाभोंवतीं निष्पर्ण ओक उभे करतो व त्यांमधून प्रेतयात्रा नेतो. तेथें झाडांचा अर्थ कोणास पुसावा लागत नाहीं. या एकाकी ओकाविषयीं मात्र एकमत नाहीं. कोणी त्यांत नेपोलियनशीं झालेल्या युद्धांनंतरचें जर्मन राष्ट्र पाहतात, कोणी धर्मश्रद्धा. आम्हांस हे अर्थ जरा ओढूनताणून आणलेले वाटतात. मेंढपाळाला टेकावयास बुंधा मिळाला, एवढें पुष्कळ आहे!

या चित्रापाशीं आम्ही थबकलों तें आमच्या परसांतील आंब्यामुळें. त्याचाहि शेंडा असाच वाळला होता. शाळेंत असतां आम्हीं तो जसा होता तसा काढून नेला. मास्तरांनीं रबर घेऊन वरची फांदी पुसली व तेथें स्वतः पानें भरलीं. निसर्गचित्रांत मेलेलें लांकूड दाखवूं नये, असा त्यांचा नियम होता. चित्रास गुण चांगले पडले.

त्या वर्षीं वडिलांचें एक अंग लुळें पडलें होतें. खिडकींतून तो आंबा पाहत राहणें हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग. आम्हीं मोठ्या अभिमानानें चित्र त्यांच्यापुढें धरलें. पुष्कळ वेळ पाहून ते सावकाश म्हणाले, "झाड चांगलें आलें आहे. कोणाच्या दारचें?"

आम्ही ओसरीवर आलों आणि मास्तरांचीं पानें पुसलीं. वाळकी फांदी पुन्हां काढावयास गेलों, तों दोनदां खोडलेला कागद पेन्सिल टेकतांच फाटला. तें चित्र अद्याप आमच्यापाशीं आहे. शेंड्याच्या जागीं भोंक आहे.