तीन मिनिटांचं रीळ

आमच्या आजीला मेंदीच्या रात्री म्हणायची गाणी तोंडपाठ होती. १९८३ साली ती रोह्याहून लंडनला आमच्याकडे तीन महिने राहायला आली होती. घरात कॅसेट रेकॉर्डर होता. पण पप्पा म्हणायचे, "चांगला मायक्रोफोन आणू, सगळ्यांना एकत्र बोलावू, मग व्यवस्थित करू." ते व्यवस्थित काही झालं नाही. आजी परत गेली आणि पुढच्या पावसाळ्यात वारली. त्यातल्या एका गाण्याच्या दोन ओळी मला येतात. तिसरी आमच्या घरात कुणालाच येत नाही.

डॉन लेट्स यांची हकिकत कळली तेव्हा हे सगळं पुन्हा वर आलं. हा माणूस आपल्यातला नाही. त्यांचा जन्म १९५६ सालचा, लंडनचा. आईवडील जमैकाहून इथे आलेले. वडील मोठे स्पीकर लावून आपल्या लोकांसाठी रेकॉर्डी वाजवत. मुलगाही त्याच वाटेने गेला, पण दुसऱ्याच लोकांत. १९७७ च्या सुरुवातीला कॉव्हेंट गार्डनमधल्या रॉक्सी क्लबात ते डिस्क जॉकी होते. तिथे पंक बँड वाजवायला येत. मधल्या वेळात लावायला पंकच्या रेकॉर्डी जवळजवळ निघालेल्याच नव्हत्या. मग लेट्स यांनी आपल्या घरचं रेगे लावलं. केस उभे केलेली गोरी पोरं त्यावर नाचू लागली, त्या रेकॉर्डी शोधू लागली.

त्यांच्याकडे एक सुपर ८ कॅमेरा होता. शिक्षण नाही, पैसा नाही, कंपनी नाही. त्या कॅमेऱ्याचं एक रीळ जेमतेम तीन मिनिटं चालतं. गाणं रंगात यायचं आणि रीळ संपायचं. तरी ते रोज रात्री चित्रण करत राहिले. आपण चित्रपट काढतोय हे त्यांना स्वतःला वर्तमानपत्रात वाचून कळलं, असं ते सांगतात. तोच पुढे 'द पंक रॉक मूव्ही' झाला. चित्र हलतं, अंधार फार, आवाज फाटतो. पण क्लबातल्या त्या रात्री आज बघायच्या असतील तर हाच चित्रपट बघावा लागतो.

पुढे त्यांनी 'द क्लॅश' या बँडसाठी 'लंडन कॉलिंग'ची चित्रफीत केली. १९७९ च्या डिसेंबरात, थेम्सच्या काठावर, रात्री, पावसात. कॅमेरा होडीत ठेवला आणि पाणी उतरलं तशी होडी खाली गेली. थेम्सला भरती-ओहोटी असते हे आपल्या डोक्यातच आलं नाही, असं ते हसत सांगतात. आपल्या कोकणातलं शेंबडं पोरही त्यांना हे सांगू शकलं असतं! तरी चित्रफीत झालीच, आणि लोक ती अजून बघतात.

मग 'बिग ऑडिओ डायनामाइट' या बँडमध्ये ते स्वतः सामील झाले. १९९७ साली जमैकात 'डान्सहॉल क्वीन' हा चित्रपट केला. क्लॅशवरच्या 'वेस्टवे टू द वर्ल्ड' या माहितीपटाला २००३ साली ग्रॅमी मिळालं. बीबीसीच्या रेडिओवरही त्यांनी वर्षानुवर्षं रेकॉर्डी लावल्या.

ग्रॅमीचं मला फारसं काही वाटत नाही. मला ती तीन मिनिटांची रिळं आठवतात. त्यांनी चांगल्या कॅमेऱ्याची वाट पाहिली असती, तर त्यांच्याकडेही आज दोनच ओळी उरल्या असत्या.

मागच्या महिन्यात अशदोदला आत्याकडे गेलो होतो. आत्या आता ८६ वर्षांची. स्वयंपाकघरात नारळ खवता खवता ती मेंदीचं गाणं गुणगुणायला लागली. मी फोन काढला. ती म्हणाली, "अरे थांब, साडी तरी बदलू दे."

मी म्हटलं, "नको आत्या, तू गा."

मध्येच कुकरची शिट्टी झाली. ती तशीच ठेवली आहे. आजीची तिसरी ओळ या गाण्यात नाही, पण हे गाणं पूर्ण आहे.