मेतकुटाचा डबा

मेतकुटाचा डबा उघडला की भाजलेल्या डाळींचा, हळदीचा, हिंगाचा तो खमंग आणि किंचित कडसर वास येतो, आणि त्याच्या पाठोपाठ माझ्या कानात चंदेरी कागदाची बारीकशी चुरचुर उमटते. रात्रीची जेवणं उरकलेली असत, चुलीतले निखारे राखेखाली गेलेले असत, ओटीवरच्या गप्पा मंदावत आलेल्या असत. आणि माजघराच्या अंधारात काकू पाठमोरी उभी राहून त्या डब्यात हात घाली. एक चुरचुर. पाण्याचा एक घोट. मग झाकण पुन्हा घट्ट. तिच्या गोळ्या तिथे असत, कारण आल्यागेल्यापैकी कुणीही मेतकुटात औषध शोधायला जाणार नव्हतं. त्या गोळ्यांनाही हिंगाचा वास लागला असेल.

काकू सुरेख होती. तिच्या हातच्या तांदळाच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा आणि ओव्या म्हणताना तिचा गळा भरून यायचा. पण कधी कधी ती आमच्यात असूनही आमच्यात नसे. विहिरीच्या काठाशी उभी राहून, तिला एकटीलाच ऐकू येणाऱ्या कुणाशी तरी ती तासन्‌तास बोलत राही. घरातली मोठी माणसं म्हणाली, बाहेरचं आहे. नारळ उतरवून झाले, अंगारे लावून झाले, गुरवाकडे कौल लावून झाला. शेवटी काकाने एका पहाटे तिला एसटीत बसवलं आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेलं. परतल्यावर शेजारणीने विचारलं, "कुठे गो गेला होतात?" काकू पदर सावरत म्हणाली, "डोळे दाखवायला."

पुढे दर महिन्याला ती डोळे दाखवायला जात राहिली, आणि हळूहळू विहिरीच्या काठावरून परत आमच्यात आली. तिच्या बरं होण्याचा आनंद मात्र आम्हाला कधी उघडपणे करता आला नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी : महाराष्ट्रातली ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. किती जणांना तिथे पुन्हा माणसांत यायला मदत झाली असेल! आणि आपण त्या गावांची नावं एकमेकांना चिडवायला वापरली.

खालच्या वाडीत काकूच्याच वयाची एक मुलगी होती. तिलाही आवाज ऐकू येत. तिचा बाप दुसऱ्याच्या कलमांत राबायचा. रत्नागिरीला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडायची, दोघांचं भाडं भरावं लागायचं, आणि गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. पावसाळ्यात तर वाट आणखी लांब व्हायची. ती पडवीतल्या खांबाला बांधलेली असे. सांजवेळी तिथून जाताना तिचं अखंड, एकसुरी पुटपुटणं कानावर यायचं आणि आमची पावलं आपोआप भरभर पडायची. काकूकडे लपवायला निदान गोळ्या होत्या. त्या घराने मुलीलाच लपवलं होतं. आजार एकच, पाणंद एकच. अंतर होतं ते फक्त एसटीच्या भाड्याचं. ती फार जगली नाही. कशाने गेली, हे कुणी विचारलंही नाही.

अजूनही ते अंतर मिटलेलं नाही. देशातल्या बारा राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळलं, की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसं उपचारांविनाच राहतात. पुण्या-मुंबईत समुपदेशकाची वेळ फोनवरून मिळते. डोंगरातल्या वाडीवर मात्र कुणाची झोप उडाली, कुणाचं जेवण तुटलं, तर आधी गुरव आठवतो, कारण तोच चालत जाण्याच्या अंतरावर असतो. त्याला दोष कसा द्यावा? तो निदान दार उघडतो, जवळ बसवतो, ऐकून तरी घेतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्याला मनाई केली. सरकारी खर्चाने चालणारे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, आणि ते घरापासून फार लांब जावं न लागता मिळावेत, असंही म्हटलं. वाचताना डोळे भरून येतात. खालच्या वाडीतल्या त्या बापाला याहून वेगळं काय हवं होतं?

म्हणून, वाचकहो, एवढंच मागणं आहे. रक्तदाबाची गोळी आपण चारचौघांत घेतो, तशीच मनाच्या आजाराची गोळीही आपल्या घरात उजेडात घेतली जावी. आणि ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाराही महिने मिळावी, असं ग्रामसभेत उभं राहून मोठ्याने मागावं. तोवर कुणाचा जीव घुसमटत असेल, तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.