अक्षर लावून वाचलेली शुभेच्छा

भेटकार्डांचा इतिहास पाहू गेले तर ‘हाताचे’ आणि ‘छापील’ ही विभागणी फारशी टिकत नाही. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून चितारून घेतलेले नाताळचे कार्ड शिळाछापावर निघाले. रंग मात्र हाताने भरले गेले. आमचे स्टेन्सिलही एका अर्थी छोटा छापखानाच.

फरक पडतो तो अक्षर कापताना. एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर ‘दीपावली’ कोरू लागलो की ‘प’ आणि ‘व’ यांची पोटे गळून पडतात; ती धरून ठेवायला बारीक सांधे राखावे लागतात. शिरोरेषा सलग कापली तर सारा शब्दच लोंबू लागतो. वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेल्या अक्षरांची बांधणी आम्हांला तेव्हा कळली. शाई स्पंजाने टिपावी, तीही जवळजवळ कोरडी. ओली असली की कडेखाली झिरपते.

दृष्टी गेलेल्या आमच्या एका सरांना मात्र शाईचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी आम्ही स्टेन्सिल उलटे ठेवतो, त्यावर जाड कागद पालथा घालतो आणि शाई संपलेल्या बॉलपेनने मागून दाबत जातो. पुढच्या बाजूला अक्षरे उठतात. सर ब्रेल शिकलेले नाहीत. पण या देवनागरीवरून त्यांचे बोट सावकाश फिरते, ‘व’च्या सांध्यापाशी अडते, पुढे सरकते. दिवाळीची शुभेच्छा आपण एरवी वाचत नाही, नुसती ओळखतो. सर ती अक्षर लावून वाचतात.