कागदाचा पांढरा

प्रिंट काळपट आली की पहिला संशय प्रिंटरवर. मग लॅबला फोन होतो, शाई कुठली वापरली ते विचारलं जातं, कागद बदलून पाहिला जातो. लग्नाचे अल्बम आणि प्रदर्शनांच्या मोठ्या प्रिंट काढता काढता माझं मत पक्कं झालं आहे की बहुतेक वेळा प्रिंटर बरोबर असतो. मॉनिटर फार उजळ असतो.

नवा मॉनिटर बहुधा २५० ते ३५० निटांवर (निट म्हणजे पृष्ठभागाच्या उजळपणाचं माप) लावून येतो. दुकानाच्या झगझगाटात तो उठून दिसतो, पण फोटो छापणाऱ्याच्या टेबलावर हा उजेड फसवा. डोळे थोड्याच वेळात त्याला सरावतात आणि आपण शालूची जर, कपाळावरची चमक खाली ओढत राहतो. नवरदेवाच्या काळ्या शेरवानीतल्या चुण्या स्क्रीनवर स्वच्छ दिसतात, म्हणून तिकडे हात लावावासा वाटत नाही. छापून येते तेव्हा शेरवानीचा एकच काळा गोळा झालेला असतो.

कागदाला स्वतःचा उजेड नाही. अंगावर पडलेल्यातला बराचसा तो परत देतो, इतकंच. त्याचा हिशेब सोपा आहे: कागदावर पडणाऱ्या प्रकाशाचा लक्समधला आकडा घ्या, चांगला कागद नव्वद टक्के प्रकाश परतवतो म्हणून ०.९ने गुणा आणि ‘पाय’ने भागा. ५०० लक्सच्या दिव्याखाली कोऱ्या कागदाचा पांढरा सुमारे १४३ निट भरतो, ३०० लक्सखाली ८६. ‘मॉनिटर १००-१२०वर ठेवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो चुकीचा नाही, पण प्रिंट कुठल्या दिव्याखाली पाहणार हे ठरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

म्हणून मी आधी दिवा ठरवतो. प्रिंट पाहण्यासाठीच्या आयएसओ ३६६४ या मानकात काटेकोर तुलनेला २००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीला ५०० लक्स सांगितले आहेत. मी ५००वर काम करतो. मॉनिटर अर्धा तास तापू देतो, खिडकीचा पडदा ओढतो, दिव्याचा झोत स्क्रीनवर पडत नाही ना ते बघतो. मग ज्यावर छापायचं तोच कोरा कागद दिव्याखाली धरायचा, शेजारी स्क्रीनवर कोरी पांढरी चौकट उघडायची आणि मॉनिटरच्याच बटणाने उजेड उतरवत जायचं. डोळे किलकिले केले की दोन्ही पांढरे सारखे वाटतात, तिथे थांबायचं. कॅलिब्रेटर हवाच, पण त्याला कुठला आकडा गाठायला सांगायचा हे कागद ठरवतो.

काळ्याची जुळणी मात्र पूर्ण होत नाही, आणि ती होईल अशी आशा कुणी लावू नये. साध्या मॉनिटरवर पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ असतो. मॅट कागदावर जेमतेम चाळीस-पन्नासपट. तेवढ्या जागेत शेरवानीच्या चुण्या बसवायच्या तर सावल्या हाताने उचलाव्या लागतात. माझ्या लेखी या कामातलं खरं कसब इथे आहे.

आणि टेबलावर जुळलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. एखाद्या घरातून आजोबांचा फोटो मोठा करायला येतो. तो लागणार बैठकीच्या खोलीत, दारावर, छताच्या जवळ. संध्याकाळी तिथे शंभर लक्सही मिळत नाहीत, म्हणजे कागदाचा पांढरा तिशीच्याही खाली. माझ्या टेबलावर नेमकी दिसलेली प्रिंट तिथे उदास दिसते, चेहरा ओळखायला दोन पावलं पुढे जावं लागतं. गेलेल्या माणसाचा चेहरा असा अंधारात सोडणं मला मान्य नाही. त्यामुळे ऑर्डर घेताना मापाआधी विचारतो, ‘कुठे लावणार? ट्यूब कुठल्या बाजूला आहे?’ मग चेहऱ्याच्या दोन-तीन छोट्या पट्ट्या छापतो, प्रत्येकीत मधल्या छटा थोड्या अधिक उचललेल्या, आणि मागे पेन्सिलने खूण करून घरी पाठवतो. रात्री दिवे लावून त्या दारावर धरून बघायच्या आणि कुठली निवडली ते कळवायचं. मोठी प्रिंट त्यानंतरच काढतो.