दोन आण्यांचा माळ

आमच्या माणदेशांतील वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर एक शब्द आहे, तो लहानपणापासून आमच्या कानांत बसलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘पोटखराबा’. ओढ्याकांठचें काळें रान तेवढें लागवडीचें, आणि त्याच्या माथ्यावरचा अकरा एकरांचा माळ सारा पोटखराबा. गेल्या चैत्रांत आमच्या पुतण्यानें घरांतील सर्वांस कळविलें कीं, रस्त्याच्या कामासाठीं एक कंत्राटदार त्या माळाचा मुरूम मागत आहे. ब्रासमागें भाव बरा देतो. तहसिलीची परवानगी वगैरे तोच पाहील. गांवच्या वाड्याचा पडूं लागलेला सोपा त्या पैशांत उभा राहील. खातें समाईक असल्यानें सह्या मात्र सर्वांच्या हव्यात. आमच्याखेरीज सर्वांनीं त्या केल्याही होत्या. “काका, तिथें कुसळांशिवाय आहेच काय?” असें त्यानें आम्हांस विचारलें. प्रश्न रास्त होता. सही करण्यापूर्वी त्याचें उत्तर आपण आपल्याशींच एकदां द्यावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

सातारा जिल्ह्याच्या एका टोंकास महाबळेश्वर आहे. तेथें वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. दुसऱ्या टोंकास दहिवडी-म्हसवडचा मुलूख. तेथें पांचशेंच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. सह्याद्रि ढगांचें ओझें आपल्या अंगावरच उतरवून घेतो आणि पलीकडे नुसता वारा धाडतो. खालचा पाषाण मात्र दोन्हीकडे एकच. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून जो काळा खडक झाला, तोच हा. पाणी व ऊन यांच्या माऱ्यानें तो कांद्याच्या पाकळ्यांसारखा सुटत जातो, सुटून भुसभुशीत होतो, त्यास आपण मुरूम म्हणतों. आणि मुरूम आणखी कुजला म्हणजे त्याची माती होते. उतारावरची ही माती वाहून खोलगट जागीं सांचते, तीं काळीं रानें. माथ्यावर उरतो तो आमचा माळ: वर खडे व गारगोट्या, त्यांखालीं चार बोटें, फार तर वीतभर तांबूस माती, मग मुरूम, मग कातळ.

इंग्रजी अमदानींत 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनीं जमीन-पाहणीची जी रीत घातली, तींत मातीची खोली व पोत पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरवीत. सोळा आण्यांची ती उत्तम. आमच्या आजोबांनीं यावरूनच या माळास ‘दोन आण्यांचा माळ’ असें नांव ठेविलें होतें. वास्तविक पोटखराब्यास तेवढेही आणे मिळत नसत. हा आपला घरचा विनोद. पिकाखेरीज दुसऱ्या कशानें जमीन जोखावी हें सारा वसूल करणाऱ्यास सुचावें तरी कां? परंतु आम्हांसही तें सुचलें नाहीं, ही गोष्ट येथें कबूल केली पाहिजे.

1991 सालीं आम्हीं या माळापैकीं तीन एकर मोडले. त्या वेळीं आमची पस्तिशीही उलटली नव्हती आणि पडीक जमीन पडीक ठेवणें हा आम्हांस आळस वाटे. दोन महिने मजूर लावून खडे वेंचले, त्यांच्या ताली रचल्या, नांगर घातला, बाजरी व मटकी पेरली. पहिल्या वर्षीं बाजरी बरी आली. तीर्थरूप बापूंनीं गांवांतल्या चार घरीं नव्या बाजरीच्या भाकऱ्या पाठविल्या, तेव्हां आमची छाती फुगली होती. दुसऱ्या वर्षीं पीक गुडघ्याएवढेंच राहिलें. तिसऱ्या वर्षीं परतीच्या पावसाची एकच जोराची सर आली. ती तासभरही नसेल. सकाळीं जाऊन पाहतों तों तालींच्या फटींतून आमची माती ओढ्यास मिळालेली, आणि शेतांत मुरमाचीं हाडें उघडीं पडलेलीं. बापू कांहीं बोलले नाहींत. ते बोलले असते तर बरें झालें असतें.

त्या माळावर मेंढरें घेऊन येणारा एक म्हातारा धनगर होता. आमची फजिती पाहून तो म्हणाला, “अन्ना, दगूड येचलं तवाच मला कळलं हुतं. दगूड म्हंजी माळाचं घोंगडं.” त्या वेळीं आम्हांस हें बोलणें गमतीचें वाटलें. पुढें मृदाशास्त्राचीं पुस्तकें चाळलीं, तेव्हां म्हाताऱ्याचें वाक्य तेथें अनेक पानें पसरलेलें आढळलें. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला म्हणजे तिचे कण फुटतात, छिद्रें बुजतात, वर पापुद्रा धरतो, आणि मग पाणी आंत न शिरतां माती घेऊन धांवूं लागतें. खडा तो मार स्वतःवर घेतो. उन्हाळ्यांत त्याच्याच आडोशानें खालची ओल कांहीं दिवस अधिक टिकते. वैशाखांतही एखादा मोठा दगड उलथून पाहावा. खालीं मुंग्यांचा संसार चाललेला असतो.

याहून एक मौज आहे. काळी जमीन पाणी धरते खरी. पण वळवाची लहानशी सर आली तर तिचें पाणी वरच्या दोन बोटांतच अडकतें आणि दोन दिवसांच्या उन्हांत उडून जातें. तीच सर माळावर पडली म्हणजे खड्यांमधून झरझर खालीं उतरते, उन्हाच्या हाताबाहेर जाते. म्हणून जेथें पाऊस थोडा व तुटक, तेथें हलकी जमीनच गवतास अधिक मानवते. पहिल्या सरीनंतर काळें रान काळेंच असतें आणि आमचा दोन आण्यांचा माळ आठवड्याच्या आंत हिरवा होऊं लागतो. हें दृश्य आम्हीं लहानपणीं दरसाल पाहिलें. त्याचा अर्थ मात्र साठी उलटल्यावर कळला.

आतां कुसळांविषयीं. आमचा पुतण्या ज्यास ‘कुसळांशिवाय काय’ म्हणतो, त्या कुसळीचें कसब पाहण्यासारखें आहे. तिच्या बीजास टोंकदार चोंच असते आणि मागें लांब, पीळ पडलेलें कुसळ. हवेंत ओल आली कीं पीळ उलगडतो, ओल गेली कीं पुन्हां बसतो. आणि या उलटसुलट फिरण्यानें बीज आपण होऊन जमिनींत स्क्रूसारखें शिरतें. मेंढराच्या लोकरींतही तें तसेंच शिरतें, म्हणून धनगर कुसळी कोंवळी असतांना चारतो आणि बीं धरलें कीं कळप बाजूस नेतो. याशिवाय पवन्या आहे, मारवेल आहे. टिटवी येथें घरटें न बांधतां खड्यांमध्येंच अंडीं घालते, तीं पायाशीं असूनही दिसत नाहींत. सोलापूरजवळ नान्नज येथें 1979 सालीं ज्याच्यासाठीं अभयारण्य झालें, तो माळढोकही अशाच माळांचा पक्षी. आमच्याकडे तो आम्हीं कधीं पाहिला नाहीं, तेव्हां त्याच्या नांवावर उगाच मोठेपणा घेत नाहीं.

कोणी म्हणेल, अशाच मुरमाड जमिनींत लोक डाळिंबाच्या बागा फुलवितात. फुलवितात खरे, आणि चांगल्या. कारण डाळिंबाच्या मुळाशीं पाणी सांचून चालत नाहीं. पण त्या बागा ठिबकच्या पाण्यावर जगतात, आणि तें पाणी कोठून आणावयाचें हा प्रश्न आम्हांस थेट मुरमाकडे आणून सोडतो. माळावर मुरलेला पाऊस या कुजक्या खडकाच्या थरांत थांबतो व हळूहळू खालीं सरकतो. ओढ्याकांठच्या आमच्या विहिरीस, आणि तिच्या पलीकडल्या दोन घरांच्या विहिरींस, पाझर येतो तो याच थरांतून. मुरूम नेला म्हणजे माळ नुसता खोल होईल असें नाहीं. काळ्या रानाचा घडाच फुटेल. एक इंच माती व्हावयास शेंकडों वर्षें लागतात. तेथें पुरुष-दोन पुरुष खणलेली मुरमाची खाण भरून यावयाची कोणती आशा?

ज्येष्ठांत आम्ही मुद्दाम गांवीं जाऊन आलों. 1991 सालीं मोडलेले तीन एकर अजून ओळखूं येतात. तेथें तरवड उगवला आहे, कुसळी मात्र कडेकडेनें दोन-चार हातच आंत सरकली आहे. वाड्याचा सोपा खरोखरच वांकला आहे; तें पाहून जीव कळवळला, कारण आमचें बारसें त्याच सोप्यांत झालें. वहिनींनीं जेवतांना विषय काढला नाहीं, पण ताटावरून उठतांना “पावसाळा काढेल कीं नाहीं कोण जाणे” एवढें त्या म्हणाल्या.

आम्हीं सही केलेली नाहीं. थोरल्या दादांस सविस्तर पत्र लिहिलें आहे, कीं सोप्याच्या खर्चांतील आमचा हिस्सा, आणि वर जमेल तितकें, आम्ही पदरचें घालूं. मुरूम विकूं नये. पुतण्यास वेगळें कळविलें आहे कीं, वळवाच्या पहिल्या सरीनंतर चार दिवस रजा काढून माळावर यावें. तो येतों म्हणाला आहे. दादांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.