ओढ्यावरची यल्लमा, लक्ष्मीपुरीचा नाला

मार्गशीर्षात सौंदत्तीहून यल्लमाचे जग परत आले, की आमच्या घरी आंबील यात्रेची गडबड उडायची. डब्यात वरणं-वांगं, भाकरी, वर कांद्याची पात आणि गाजरं. आंबिलीची किटली सांभाळत आज्जी पुढं, आम्ही पोरं मागं, कोल्हापुरातल्या जवाहरनगरच्या ओढ्यावरच्या यल्लमाला. नैवेद्य झाला की जागा मिळेल तिथं पंगत मांडायची. वाऱ्यानं दिशा बदलली की ओढ्याचा वास यायचा. आज्जी म्हणायची, "तिकडं बघू नको, गुमान जेव."

हाच ओढा पुढं लक्ष्मीपुरीत विल्सन पुलाखालून जाताना जयंती नाला होतो, हे मला बरंच उशिरा कळलं. आणि जुनी माणसं म्हणतात ती जयंती नदीही हीच, हे त्याहून उशिरा. डोंगराकडं नदी, देवळापाशी ओढा, बाजारपेठेत नाला. गावात शिरेल तसतसा तिचा हुद्दा उतरत जातो.

नाला केवढा आहे ते मला 2019 च्या ऑगस्टनं दाखवलं. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. नदी एवढी चढली की जयंतीला पुढं वाटच मिळत नाही, ती उलटी फिरते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मित्राच्या घरी गणपती वर चढवायला गेलो होतो. चतुर्थी महिन्यावर आलेली. वाळलेल्या मूर्ती हातोहात माडीवर गेल्या, पण ओल्या शाडूच्या उचलायच्या कशा? एक उचलली तर सोंड माझ्या हातात आली. खाली गटाराच्या तोंडातून बुडबुडे येत होते आणि एक निळी स्लीपर आमच्यासमोरून सावकाश उताराच्या उलट, चढाच्या दिशेनं निघाली होती. मित्राचे वडील पायरीवर बसून नुसतं बघत होते. "पंचगंगा आली," एवढंच म्हणाले. उंबऱ्यात आली होती जयंती, पण नाव तेव्हाही दुसरीचंच. 2021 च्या जुलैत पाणी 56 फुटांवर गेलं, तेव्हा मात्र शाडू आधीच वर होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही दोघं जयंतीच्या मुळाशी गेलो. गारगोटी रस्त्यानं कात्यायनी. डोंगराच्या कुशीत देऊळ, झाडी, आणि खडकातून पाझरणारं पाणी. याच डोंगराचं पाणी कळंबा तलावात उतरतं. एकेकाळी ते खापरानळांतून, पाटांतून शहरात यायचं; मंगळवार पेठेतल्या एका भागाला आजही 'पाण्याचा खजिना' म्हणतात ते त्यामुळंच. तलाव भरला की सांडव्यावरून सुटणारं पाणी म्हणजे आपली जयंती. सांडव्याखाली ते गुडघाभर, तळ दिसेल इतकं नितळ. दगड उचलला तर खाली खेकडा. मित्र म्हणाला, "भावा, ह्यात आंघोळ करावी वाटते की!" केलीही.

मग तिच्या काठानं चालत सुटलो. कुठं काठ होता, कुठं भिंत, कुठं कुणाच्या तरी परसातून वळसा. पहिलं गटार कुठं मिळालं ते मी नेमकं सांगू शकत नाही, कारण तोवर आम्ही खिचडीच्या गाड्यावर थांबलो होतो. निघालो तेव्हा पाणी करडं झालेलं. हुतात्मा पार्कपाशी त्याला फेस होता. पुढं ते बांध घालून अडवतात, पंपानं उचलून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडं पाठवतात. पण पुराच्या दिवसांत बांधाचे बरगे काढावे लागतात, मग सगळं थेट पंचगंगेत. अर्ध्या दिवसात पायी संपते एवढीच नदी.

कात्यायनीला बाटली भरून घेतली होती. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कुठलं रे पाणी?" "कात्यायनीचं," म्हटलं. तिनं बाटली डोळ्यांना लावली, थोडं तुळशीला घातलं, उरलेलं देव्हाऱ्यातल्या तांब्यात ओतलं. जयंतीचं आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही.